पाण्याची घंटा आणि न कापली जाणारी पाटी

मुकुंदवाडी, छत्रपती संभाजीनगर

ती. पारूताईंना त्यांची भावजय मोनिका हिचा वाकून नमस्कार. दाजींच्या कंबरेला आता उतार पडला असेल आणि नवी म्हैस लाथा मारायची थांबली असेल, अशी आशा करते. आई ठणठणीत आहेत, माझ्यापेक्षा जास्त. हे सगळं फोनवरच बोलले असते, पण तुम्ही फोन स्पीकरवर ठेवता, आणि मग आपल्या दोघींचं गुपित तुमच्या अर्ध्या पिशोर गावाला कळतं. म्हणून कागद. विषय तुमच्या धाकट्या भावाचा आहे. (एरवी नाव घेत नाही, आज रागानं घेते: इंद्रजीतरावांचा.) बसून वाचा.

तुम्हाला ठाऊकच आहे, आमच्या गल्लीत नळाला पाणी आठवड्यातून एखाद्या वेळी येतं, आणि कधी येईल ते त्या नळालाच माहीत. मागं आम्ही फर्दापूरला माझ्या भाच्याच्या जावळाला गेलो, तेवढ्यात पाणी येऊन गेलं. तेव्हा ह्यांनी ठरवलं की पाणी आलं की आपोआप वाजेल अशी घंटा बनवायची. कंपनीत हे खोकी बांधायच्या खात्यात आहेत, पण मोबाईलवर व्हिडिओ बघून बघून माणसाला आपण इंजिनिअर आहोत असं वाटायला लागतं. घंटेला लागते सर्किटची पाटी, वरून तांब्याचा पातळ पत्रा चिकटवलेली. पीसीबी म्हणतात तिला. आणली ती शाळेच्या पाटीएवढी, आणि बसवायची होती साबणाच्या डबीत. (डबी माझी, न विचारता घेतलेली.) म्हणजे कापणं आलं. मी म्हटलं, दुकानदाराकडूनच कापून आणा की. तर म्हणाले, "एवढ्याशा कामाला दुकानदार कशाला?" ताई, ते एवढंसं काम तेव्हापासून आमच्या घरात पाय पसरून बसलंय.

पहिला बळी माझी शिलाईची कात्री. तिची धार गेली आणि पाटीचा फक्त एक कोपरा भुगा झाला. मग आईंनी स्वतः होऊन आपला अडकित्ता काढून दिला. (मला त्यांनी त्यानं सुपारीसुद्धा फोडू दिलेली नाही.) त्यानं पाटी कापली गेली नाही, उंदरानं कुरतडलेल्या भाकरीसारखी मात्र दिसायला लागली. आई म्हणाल्या, "लई हिकमती हाय माझं लेकरू." मी चहा ठेवायला गेले, नाहीतर बोलले असते.

नंतर आली लोखंड कापायची करवत. पाटी घट्ट धरायला घरात काही नव्हतं, म्हणून ती पलंगाच्या काठावर ठेवायची, ह्यांनी करवत ओढायची आणि मी पाटीवर बसायचं, असं ठरलं. मी एम.ए. झालेली बाई आहे, ताई. मांडी घालून मी त्या पाटीवर बसले, आणि वर पंखा चालू. त्या पाटीत म्हणे काचेचे बारीक तंतू असतात. त्याची धूळ चादरीत, उशीत, आईंच्या चोळीत. आम्ही तिघंही खाजवून खाजवून लालेलाल. आईंना वाटलं ढेकूण झाले, त्यांनी सगळ्या गाद्या उन्हात टाकायला लावल्या. (टाकल्या कुणी, ते विचारू नका.) एवढं झाल्यावर ह्यांनी मोबाईलमध्ये वाचलं की तोंडाला फडकं बांधून, पाटी ओली करून कापायची असते. मग काय, प्यायच्या माठातलं पाणी तांब्या-तांब्यानं करवतीवर! घंटा पाण्यासाठी आणि पाणी घंटेसाठी. करवतीचं पातं मोडलं तेव्हा कुठं ते थांबलं.

मला वाटलं सुटले. पण शेजारचे कडुबाभाऊ फरशी बसवायची कामं करतात, त्यांचं फरशी कापायचं मशीन हे मागून घेऊन आले आणि कानात कापसाचे बोळे घालून गच्चीवर गेले. त्या मशीनचा आवाज असा, की खाली भिंती थरथरत होत्या. पाटी पहिल्याच झटक्याला उडून कुठंतरी गेली, मशीन हातातून घसरलं आणि गच्चीवरच्या टाकीचा पाइप सपकन कापला गेला. सरळ कापला गेला, हे मला त्यांनी नंतर कौतुकानं सांगितलं. टाकीतलं होतं नव्हतं ते पाणी जिन्यातून खाली. मी, आई, पातेली, बादल्या, सगळे जिन्यात. आणि ताई, नेमक्या त्याच वेळी खाली नळाला पाणी आलेलं! कडुबाभाऊंची बायको बिचारी दारात उभी राहून ओरडत होती, "ओ मोनिकाताई, पाणी आलं, पाणी!" मला वाटलं ती जिन्यातल्या पाण्याचंच बोलतेय. मी म्हटलं, "व्हय, दिसतंय मला!" सगळं आवरून नळाशी गेले तर तो नुसता फुसफुसत होता.

तेव्हा मात्र मी ओल्या पायरीवर बसून रडले. घरात हंडाभर पाणी, ऊन हे असं, आई म्हातारी. हे समोर उभे, कानातले बोळे अजून तसेच. रात्री न जेवता स्कूटर काढून कुठून तरी दोन जार आणले आणि माठ भरून ठेवला.

तुम्ही थोरल्या, तुम्हालाच ते घाबरतात. त्यांना पिशोरला बोलवा, देवासमोर उभं करा आणि पुन्हा पाटीला हात लावणार नाही अशी शपथ घ्यायला लावा. माझी एवढीच विनंती. दाजींना नमस्कार, लेकरांना आशीर्वाद.

तुमची,
मोनिका

ता. क. एक सांगायचं राहिलं. पाटी शेवटी कापली गेली. हे कामावर गेले होते, गच्चीच्या कोपऱ्यात सापडलेली ती मी फेकायला निघाले होते, पण रागाच्या भरात पट्टी ठेवून त्या मोडक्या पात्याच्या टोकानं दोन्ही अंगांनी खोल रेघा ओढल्या, ओट्याच्या काठावर धरून दाबली, आणि टक्! बिस्किटासारखी दोन झाली. मग ह्यांनी घंटा जोडली. परवा भर दुपारी सगळे झोपलेले असताना ती वाजली. हंडे, पिंपं, टाकी, सगळं भरलं. आई घंटेला हळदकुंकू लावून आल्या.

ता. क. शपथेचं तूर्त राहू द्या. गल्लीतल्या बायकांनी घंटेसाठी दारात रांग लावलीय आणि रेघा ओढून ओढून माझं मनगट भरून आलंय. दाजींच्या धान्याच्या कोठ्या बनवायच्या दुकानात पत्रा कापायचं ते लांब दांड्याचं मशीन आहे ना, ते एसटीनं पाठवता का? त्यानं एका दाबात पाटी कापली जाते म्हणे.

ता. क. पार्सलवर नाव माझं घाला. ह्यांच्या हातात पडता कामा नये.