बंदीच्या आत: बाली की फुकेत

२८ मे, मंगळवार

बाली की फुकेत? ऋतिकाने असं विचारलं, जसं मी गिऱ्हाइकाला विचारते — पापलेट की सुरमई? ऑफिसातून आली, बॅग खुर्चीवर फेकली आणि म्हणाली, "आई, तुमच्या लग्नाला तीस वर्षं होतायत. तुझी नि बाबांची ट्रिप माझ्याकडून. दोन्हीकडे बीच आहे. चॉइस तुझा."

मी म्हटलं, अगं, माझा जन्म वरळी कोळीवाड्यातला, लग्न वरळी कोळीवाड्यातच. खिडकी उघडली की समुद्र. आता समुद्र बघायला विमानात बसू?

"बघायला नाही गं. पाण्यात जायला!"

पोरीने बरोबर ओळखलं. बावन्न वर्षांची झाले, पंचवीस वर्षं परळच्या बाजारात मासळी विकतेय, पण गळ्यापर्यंत समुद्रात कधी उभी राहिले नाही. आमच्यात पुरुष समुद्रात जातात, बायका बाजारात. नारळी पौर्णिमेला सजवलेल्या होडीतून जरा पुढे जाऊन यायचं, तेही साडी सांभाळत. बाकी आमच्या किनाऱ्याला पाण्यात पाय टाकला तर आधी प्लास्टिकची पिशवी मिठी मारते.

लहू जेवायला बसल्यावर त्याला सांगितलं. (तोंडावर मी "अवो" म्हणते. इथे लहू. वही कोण वाचतंय!) तो म्हणाला, "कंदी जायाचं?"

"बंदीत."

"बंदीत कामं असतात."

हे वाक्य मी तीस वर्षं ऐकतेय.

१ जून, शनिवार

बंदी लागली. आजपासून दोन महिने मासेमारी बंद. मासळी अंडी घालते म्हणून सरकारने तिला सुट्टी दिलीये. मासळीला दरवर्षी दोन महिने, मला तीस वर्षांत दोन दिवस नाहीत!

ऑगस्ट ते मे लहू समुद्रावर. जून-जुलै होडी किनाऱ्यावर आणि लहू होडीपाशी. घासा, रंगवा, इंजिन उघडा, जाळी तुणा. लग्नानंतर फिरायला म्हणून एकवीरेला गेलो होतो. परतताना लोणावळ्याला चिक्की घेतली आणि दुसऱ्या दिवशी पहाटे हा होडीवर. संपला हनिमून. चिक्की जास्त दिवस टिकली.

या वेळी मात्र मी सोडणार नाही. बंदीच्या आत जायचं म्हणजे जायचं. आणि एकटी नाही, त्याला घेऊन.

५ जून, बुधवार

बुधवार असून धंदा सोडून दादरला गेले, ऋतिकाबरोबर. टूरवाला हितेंद्र. एवढंसं ऑफिस, पण थंडी अशी की माझ्या बर्फाच्या पेटीत बसल्यासारखं वाटलं. "आंटी, पाणी घ्या. आंटी, कॉफी घ्या." मी म्हटलं, बाबा, आधी भाव सांग.

तर भानगड अशी. बाली आठ दिवसांची. लांब, मध्ये विमान बदलायचं, पण जुलैत तिकडे कोरडं. पाण्यात मस्त जाता येतं. फुकेत पाच दिवसांची. सरळ विमान, स्वस्त. पण जुलैत तिकडेही पाऊस, समुद्र खवळलेला, किनाऱ्यावर लाल झेंडे लावतात आणि पाण्यात उतरू देत नाहीत.

म्हणजे मला पाण्यात जायचं तर बाली. लहूला लवकर घरी यायचं तर फुकेत.

"फुकेतला खरं तर डिसेंबरात जा आंटी, पाणी काचेसारखं असतं!" म्हणाला. मी एवढी हसले की शेजारच्या टेबलावरची मुलगी दचकली. ऐन डिसेंबरात कोळ्याला फिरायला चल म्हणायचं म्हणजे दिवाळीत मिठाईवाल्याला दुकान बंद कर म्हणायचं. हितेंद्रला काय कळणार, तो शाकाहारी.

आणखी एक! बालीच्या कागदावर लिहिलंय — 'स्थानिक कोळ्यांसोबत होडीतून फेरी. अविस्मरणीय अनुभव.' एका माणसाचे जे पैसे लावलेत त्यात माझी एक सुरमई येईल, तीही अख्खी.

६ जून, गुरुवार

लहूला त्या फेरीचं वाचून दाखवलं. म्हणाला, "उलटी झाली तर पैसे परत देतात काय?"

९ जून, रविवार

ऋतिकाने मोबाईलवर दोन्हीकडचे किनारे दाखवले. पांढरी वाळू, निळं पाणी, खुर्च्या, नारळात नळी घातलेली. मी आपली खुर्च्या मोजतेय आणि लहू फोन डोळ्यांजवळ नेऊन म्हणतोय, "हिते ओढ जास्त हाय. त्या बाजूला खडक हायेत. होडी लागायची नाय."

"अवो, तुम्हाला होडी लावायचीये की खुर्ची?"

"खुर्ची कोन चोरनार हाय?"

या माणसाबरोबर मी निळ्या समुद्राची स्वप्नं बघतेय. माझंच डोकं तपासायला हवं.

१३ जून, गुरुवार

गुरुवार म्हणजे बाजारात माश्या मारायच्या. त्यात बंदी. पुढ्यात सुकट, सुके बोंबील आणि बर्फातली बाहेरून आलेली सुरमई. सीमाताई आल्या, भोईवाड्याच्या. वीस वर्षांचं गिऱ्हाईक. मुलाने त्यांना मागच्या वर्षी बालीला नेलं होतं. गुरुवार असल्यामुळे मासे घेतले नाहीत, पण गप्पांना उपास नसतो.

"गुणवंती, बालीलाच जा. देवळं आहेत. पाण्यात तर असं वाटतं की कोणी उचलून धरलंय आपल्याला."

मी विचारलं, बुडायला नाही झालं? तर म्हणाल्या, "मिस्टरांचा हात धरला होता ना."

बाजूच्या कोळणीला म्हटलं, माझ्या मिस्टरांचा हात तीस वर्षं वल्ह्यावर आणि सुकाणूवर. हसली. मी पण हसले. पण घरी येताना सारखं तेच डोक्यात. नुसता फोटो काढायला नाही जायचं मला. हात धरून उभं राहायचंय, पाणी इथपर्यंत, आणि घाई नको. एवढंच! वहीत लिहिलं म्हणून बरं, तोंडाने बोलले असते तर जीभ अडखळली असती.

१६ जून, रविवार

चमत्कार! पंधरा दिवस झाले तरी लहूने होडी घासायला काढलेली नाही. बाजूच्या सगळ्या होड्यांवर ठोकाठोक चाललीये, रंगाचे डबे उघडलेत, आणि आमची ताडपत्रीने शाकारलेली तशीच. जाळी पोटमाळ्यावर. विचारलं तर म्हणे, "करू नंतर."

लागलंय वळणाला. उगाच कशाला टोकायचं? दुपारी तर मोबाईलवर फुकेतचा व्हिडिओ बघताना पकडला. मला बघून फोन उलटा ठेवला, चोरी पकडल्यासारखा. पन्नाशी उलटलेला माणूस, आणि लाजला!

मी जिंकतेय.

२१ जून, शुक्रवार

वटपौर्णिमा. वडाला दोरे गुंडाळले. सात जन्म हाच नवरा मागितला, पण अट घातली — पुढच्या वेळी बँकेत नोकरीला ठेव. शनिवार-रविवार सुट्टी असणारा. वडाने ऐकलं असेल तर ठीक, नाहीतर आहेच आमचं गाडं.

घरी आल्यावर लहूने स्वतःहून विचारलं, "त्या फुकेतला पानी कंदी शांत असतं?"

मी म्हटलं, तुम्हाला फुकेत हवं ते पाच दिवसांत परत यायला मिळतं म्हणून. मला माहितीये तुमची चाल. मी बाली सोडणार नाही. तो नुसता हसला.

२५ जून, मंगळवार

ऋतिकाने पोहायचे कपडे आणले. पायघोळ पॅन्ट, लांब बाह्यांचा टीशर्ट, डोक्याला टोपी, सगळं काळं चकचकीत. घातलं आणि आरशात बघितलं. बाजारात पंचवीस वर्षं जे विकलं तेच आरशातून बघत होतं. काळा हलवा मासाच!

ऋतिका म्हणाली, "आई, क्यूट दिसतेस." लहू दारातून आला, थांबला, आणि असा हसला की खांबाला धरून बसला. डोळ्यांतून पाणी. मी चिडून म्हटलं, हसा, हसा, तिकडे तुम्हालाही असंच घालायला लावणार आहे.

"घालीन," म्हणाला. घालीन! हा माणूस लग्नात कोट घालायला तयार नव्हता.

२९ जून, शनिवार

लहू हल्ली दुपारी कुठे जातो कळत नाही. "सोसायटीत काम हाय." मच्छीमार सोसायटीत बंदीत कसलं काम? डिझेल नको, बर्फ नको. काल तर इस्त्रीचा शर्ट घालून गेला. बाजारातली बाजूची कोळीण म्हणाली, नजर ठेव गं गुणवंती. मी म्हटलं, ठेवते की, पण ज्या बाईला हा आवडेल ती आधी आंधळी पाहिजे आणि नाकाने अधू.

मला वाटतं गुपचूप पैसे बदलून घेतोय तिकडचे. मला सरप्राइज देणार.

३ जुलै, बुधवार

हितेंद्रचा फोन. बालीची वीस तारखेची ट्रिप, दोनच जागा उरल्यात. दहा तारखेपर्यंत नक्की करा. मी लगेच हो म्हणणार होते, ऋतिका म्हणाली, बाबांना विचार एकदा.

विचारलं. लहू भिंतीकडे बघून म्हणाला, "जुलैत नको."

"मग कधी? ऑगस्टात तुम्ही होडीवर."

"बगू."

बघू! म्हणजे पुढची बंदी. आणि पुढच्या बंदीत त्याच्या पुढची. माझे गुडघे आताच कुरकुरतात. पाण्यात काय काठी घेऊन उतरू?

६ जुलै, शनिवार

आज तोंड सुटलं माझं. बाजारात सुटतं तसं, पण घरात. तीस वर्षांचं सगळं काढलं. ऋतिका झाली तेव्हा हा समुद्रावर. माझी आई गेली तेव्हा समुद्रावर. मला टायफॉइड झाला, शुद्ध नव्हती, तेव्हा आला तो कपड्यांना डिझेलचा वास घेऊन आणि दुसऱ्या दिवशी परत गेला. म्हटलं, घेऊन बसा तुमच्या होडीला. म्हातारपणी तीच पाय चेपून देईल. आहे काय त्या लाकडात? मागच्या वर्षी निम्म्या वेळा बर्फ परत आणलात, मासळी नाही!

शेवटचं बोलायला नको होतं. बोलले.

लहूने चप्पल घातली, बाहेर गेला. किनाऱ्यावर होडीच्या सावलीला बसला असणार. मी भात लावला आणि मीठ घालायचं विसरले. दोघांनी तसाच खाल्ला.

७ जुलै, रविवार

बोलणं बंद. माझ्याकडून. त्याच्याकडून ते कधी चालूच नसतं.

९ जुलै, मंगळवार

ऋतिका मध्ये पडली. "आई, बाबांना विमानाची भीती वाटत असेल." विमानाची? हा माणूस वादळात एका इंजिनावर परत आलाय.

मीच ठरवलं. उद्या हितेंद्रला सांगायचं, बाली, दोन जागा, मी आणि ऋतिका. नवरा राहू दे इथे. मुलीचा हात धरून उभी राहीन. तोही हातच आहे. पण खरं लिहू का? लिहिताना रडू आलं.

१० जुलै, बुधवार

बाजारातून आले आणि हितेंद्रचा फोन आला. मी बाली म्हणणार, तोच लहूने माझ्या हातातून फोन घेतला. "फुकेत लिव. डिसेंबर. पानी शांत असतंय तवा."

मी ओरडले, "डिसेंबरात होडी कोण नेणार?"

"होडी इकली मी. हर्णैचा मानूस हाय. सोसायटीत इसार बी झाला. एक ऑगस्टला घेऊन जातोय." आणि मग, माझ्याकडे न बघता, "खलाशी मिलत नाय. मासली नाय. तू बोललीस ते खरंच हाय."

मी तशीच पाटी धरून उभी. एवढे दिवस होडीला कोणी हात लावत नव्हतं, जाळी पोटमाळ्यावर, आणि मी कोळीण असून मला ते दिसलं नाही. मला वाटत होतं, मी जिंकतेय.

फोनवर हितेंद्र विचारत होता, अंकल, किती दिवसांचं करू, पाच की सात?

लहू म्हणाला, "कितीपन लाव. आता घाई नाय."