मदतीची बेरीज

लोरेन, ९ एप्रिल

गेझाकाका,
तुला नमस्कार, आणि बोटीवर जे कोणी ओळख देतात त्यांनाही.

स्टिकर वाकडा लागला म्हणून बाबा तो नखानं सोडवायला लागले, तर कॉलेजच्या नावाचं पहिलं अक्षरच फाटलं. मग त्यांनी दुसरा मागवला आणि पट्टी धरून गाडीच्या मागच्या काचेवर लावला. आता गल्लीत, चर्चमध्ये आणि व्हॉल्व्हच्या कारखान्यात सगळ्यांना माहीत आहे की एमरी सोल्टेसची मुलगी 'रोझलिन टेक' कॉलेजात मेकॅनिकल इंजिनिअर होणार. मला अजून माहीत नाही.

रोझलिनचा वर्षाचा खर्च अडुसष्ट हजार डॉलर. त्यांच्या पत्रात खाली ठळक लिहिलंय: एकूण मदत साडेत्रेसष्ट हजार. बाबांनी वजाबाकी केली. साडेचार हजार उरले. एवढे आहेत माझ्याकडे, असं म्हणाले, आणि आईनं रविवार नसताना चिकन पॅप्रिकाश केलं. दुसरं आपलं सरकारी कॉलेज, गाडीनं चाळीस मिनिटं. घरी राहून चौदा हजार, मदत साडेदहा. तिथे साडेतीन हजार उरतात. बाबा म्हणतात, एका हजाराच्या फरकासाठी कोण शहाणा सरकारी कॉलेजात जाईल? रोझलिनची मुलं पहिल्या वर्षी सरासरी अठ्ठ्याहत्तर हजार कमावतात, इथली सत्तर.

मला काहीतरी चुकल्यासारखं वाटतंय. एवढं महाग कॉलेज एवढं स्वस्त कसं? एक मेपर्यंत उत्तर द्यायचंय. तू काही दिवस इंजिनिअरिंगला होतास म्हणून तुला विचारते. फोन केला असता, पण तू सुपीरियर सरोवरावर असलास की लागत नाही, आणि लागला की बाबा स्वयंपाकघरातून ऐकतात.

लोभ आहे तेवढा राहू दे, वाढवलास तरी चालेल.
मॅग्दा

---

'ऑर्सन पी. हेल', ह्युरन सरोवर, १४ एप्रिल

मॅग्दाबाई,
आशीर्वाद. उरले तर आईला दे.

पत्र डेट्रॉइटला मिळालं. टपालाची बोट खेटून आली, आम्ही दोरीनं बादली सोडली. तुझं पाकीट स्वयंपाक्याच्या बीपीच्या गोळ्यांखाली होतं.

आमच्याकडे थर्ड इंजिनिअर आहे, कोल्बी नावाचा. वय सव्वीस, पदवी मेकॅनिकलचीच. त्याला विचारलं. जेवणाआधी म्हणाला, डोळे मिटून कर्ज काढायला सांगा, शिक्षण कुणी परत घेऊन जात नाही. जेवताना त्याला हप्त्याचा मेसेज आला. जेवणानंतर म्हणाला, पुतणीला सांगा, केस कापायला शिक. संध्याकाळी परत गेलो तर म्हणाला, गेझा, दुसऱ्या कुणाला विचार ना. एका दिवसात तीन मतं मिळाली, तिन्ही तुला पाठवतो.

माझं एक ऐक. त्या कागदावरची बेरीज वाचू नकोस. ओळी वाच. जी ओळ परत फेडायची असेल, तिच्यापुढे पेन्सिलीनं खूण कर.

बाबांना हे मी सांगितलं असं कळू देऊ नकोस. मायेनं,
गेझाकाका

---

लोरेन, १९ एप्रिल

काका,
नमस्कार. आज जरा घाईत.

ओळी वाचल्या. एकतीस हजार खरोखरची शिष्यवृत्ती. साडेपाच हजार माझ्या नावावर कर्ज. आणि 'पालक योजना' म्हणून सत्तावीस हजार आहेत, तेही कर्जच, बाबांच्या नावावर. मी कॉलेजला फोन केला. बाई फार गोड बोलल्या. हो, ते कर्ज आहे, पण मदतही आहेच, कर्ज मिळायला आम्ही मदत करतो, असं म्हणाल्या. मी त्यांचे आभारसुद्धा मानले.

चार वर्षांत बाबांच्या डोक्यावर एक लाख आठ हजार. माझं कर्ज दर वर्षी थोडं वाढत जातं, त्याचे सत्तावीस हजार वेगळे, पण ते सरकारी कॉलेजातही होतीलच. बाबांच्या रकमेला नऊ टक्के व्याज, म्हणजे वर्षाला सुमारे नऊ हजार सातशे. रोझलिनचा पगार आठ हजारानं जास्त. म्हणजे जास्तीचा पगार व्याजालाच पुरत नाही. पण पगार वाढेल, तेव्हा पुरेल. पण तोवर व्याज साठेल. तिसऱ्यांदा हिशेब केला तेव्हा रोझलिन जिंकलं. मग लक्षात आलं, पगारावरचा कर धरलाच नव्हता. चौथ्यांदा कर धरला आणि व्याज विसरले. मला गणितात शंभरपैकी सत्त्याण्णव आहेत, काका.

बाबांना कागद दाखवला. ते बराच वेळ ओळींवरून बोट फिरवत बसले. कारखान्यात सगळ्यांना साडेचार हजार सांगून झालेत. मग म्हणाले, मी सही करीन. मी म्हटलं, तुम्ही अठ्ठावन्न वर्षांचे आहात. तर म्हणाले, पूर्वीही एकदा एकासाठी सही केली होती, हात काही मोडला नाही. कुणासाठी ते विचारलं, तर आई उठली आणि धुतलेले कप पुन्हा धुवायला लागली.

कुणासाठी?
मॅग्दा

---

'ऑर्सन पी. हेल', डुलुथ बंदर, २४ एप्रिल

प्रिय मॅग्दा,

माझ्यासाठी.

घरात म्हणतात ना, गेझाला कॉलेजपेक्षा बोट आवडली. तसं नाही. मी दोन वर्षं मेकॅनिकलला होतो. थर्मोडायनॅमिक्समध्ये दोनदा नापास झालो आणि घरी आलो. कर्जावर सही एमरीची होती, तेव्हा तो बावीस वर्षांचा. मी बोटीवर लागेपर्यंत हप्ते त्यानंच भरले, आणि पुढेही भरत राहिला. सगळी मिळून नऊ वर्षं. तुझ्या आईशी लग्न त्यानं शेवटच्या हप्त्याचं पाकीट टपालात टाकल्यावर केलं. मी पैसे द्यायला गेलो तर म्हणाला, तुझे बूट फाटलेत, ते घे.

तू जो सरासरी पगार लिहिलास, तो पदवी मिळालेल्यांचा आहे. त्या सरासरीत मी नाही. कर्ज घेतलेल्यांत मात्र होतो.

तू नापास होशील असं मी म्हणत नाही. तू माझ्यापेक्षा हुशार आहेस. मीही माझ्या वर्गात हुशारच होतो. जा म्हणायला जीभ उचलत नाही, नको म्हणायला हक्क नाही. हे पत्र इथेच टाकतो, म्हणजे तारखेआधी पोचेल.

तुझा,
काका

---

लोरेन, २४ एप्रिल

गेझा,
खुशाल असशील.

मॅग्दा तुला पत्रं लिहिते, मला माहीत आहे. तिकिटं माझ्याच खणातून जातात. आपलं जुनं तिला सांगू नकोस. तू सांगशील ते चुकीचंच सांगशील. तू नापास झालास तेव्हा शनिवार-रविवार गोदामात खोकी उचलत होतास. कारण दुसऱ्या वर्षी तू आणखी थोडं कर्ज मागितलंस आणि मी सही करायला नाही म्हटलं. मला गाडी घ्यायची होती. तुला अभ्यासाला दोन दिवस मिळाले असते तर तू आज त्या बोटीवर चीफ इंजिनिअर असतास.

या वेळी माझी सही कमी पडणार नाही. मी ठरवलंय. तू मध्ये येऊ नकोस.

थंडी असेल, कानटोपी घालत जा.
एमरी

---

लोरेन, १ मे

काका,
सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र सोमवारी आलं. मी ते बाबांपुढे ठेवलं. त्यांनी चष्मा लावून वाचलं आणि म्हणाले, गेझानं अर्धंच लिहिलंय. उरलेलं त्यांनी सांगितलं. गोदाम, दुसरी सही, गाडी. तुला त्यांनी पत्र टाकलंय म्हणे. या पत्राबरोबर तेही बादलीतून वर येईल.

तू म्हणतोस, कर्ज काढलं म्हणून बुडालो. ते म्हणतात, कमी काढलं म्हणून. मी दोन्ही खरं धरून हिशेब करून पाहिला, तर हिशेबच होत नाही. एवढंच कळतं की दोन्ही गोष्टींत सही बाबांचीच आहे.

आज दुपारी मी सरकारी कॉलेजात जागा धरली. दोनशे डॉलर भरले, आइस्क्रीमच्या दुकानात काम करून साठवलेले. तिथे दर सहा महिन्यांनी कारखान्यात पगारी काम देतात म्हणतात. ते खरं किती, माहीत नाही. रोझलिनला गेले असते तर काय झालं असतं, तेही आता कुणाला कळणार नाही.

बाबा कामावरून आल्यावर सांगितलं. ते म्हणाले, तू घाबरलीस. मी म्हटलं, हो. ते म्हणाले, काकानं घाबरवलं. मी म्हटलं, तुम्ही दोघांनी मिळून. तेव्हा त्यांनी सांगितलं की मंगळवारीच त्यांनी रोझलिनला माझी जागा धरून पाचशे भरलेत, वाढदिवसाला पावती देणार होते. मग आईनं जेवायला वाढलं.

बरोबर केलं का, काका? उत्तर पाठवू नकोस. फक्त पत्र पाठव.
तुझी,
मॅग्दा

ता. क. २ मे, सकाळ. बाबांनी आठ वाजता रोझलिनला फोन केला. पाचशे परत मिळत नाहीत, असं त्या बाईंनी सांगितलं. बाबांनी त्यांचे आभार मानले, माझं नाव यादीतून काढायला सांगितलं, स्पेलिंग दोनदा सांगितलं, आणि डबा घेऊन कामावर गेले.