काठावरची साखर

प्रिय बारक्या,

फोनवर तू मला बोलूच देत नाहीस, म्हणून लिहायला बसले. आत्ताच डायलिसिसहून आले आहे, सुई टोचलेल्या हाताला अजून पट्टी आहे. अक्षर वेडंवाकडं आलं तरी शेवटपर्यंत वाच. माझ्या शेजारच्या खुर्चीवर बसायच्या त्या शिवणकामवाल्या काकू हल्ली येत नाहीत. कुठे गेल्या, असं कुणीच विचारत नाही. नर्सने त्या खुर्चीवर नवी चादर घातली आणि आम्ही सगळे खिडकीबाहेर बघत बसलो.

बाबांच्या पायात खिळा घुसला होता, तो दिवस आठवतो? भुशात लाल ठसे उमटत होते आणि बाबा निवांत रंधा मारत होते. तू किंचाळलास तेव्हा कुठे त्यांनी पाय उचलून पाहिला. म्हणाले, सुताराला पायही लाकडाचाच हवा की! आपण खो खो हसलो. पुढे तो पाय गुडघ्याखाली कापला. मग आत्याची नजर गेली. तरी घरात सगळे म्हणायचे, आपल्याकडे साखर असतेच. जणू घारे डोळे असावेत तशी. मला चाळिशीच्या आत निघाली, तेव्हा कुणाला नवलही वाटलं नाही.

तपासणीला आलास तेव्हा किती खुशीत होतास! रक्तगट जुळला म्हणून वॉर्डभर सांगत सुटलास. ताई, आता भांडलीस तर किडनी परत मागेन, म्हणालास. मग डॉक्टरीणबाईंनी घरात कुणाकुणाला मधुमेह आहे ते विचारलं आणि तुझा रिपोर्ट पुढे ठेवला. साखर काठावर. अजून आजार झालेला नाही, पण बाप, आत्या, बहीण असं सगळं घरातच, वर तुझं वय कमी, म्हणजे आजार व्हायला पुढे अख्खं आयुष्य पडलेलं. पुढे मधुमेह झालाच तर तुला तुझ्या दोन्ही किडन्या लागतील, म्हणून तुझी घेता येणार नाही, असं त्या म्हणाल्या. तू खुर्ची ढकलून निघून गेलास, म्हणून त्यांचं पुढचं बोलणं मी एकटीनेच ऐकलं. घरात आहे म्हणून तुला होईलच असं नाही. वजन उतरव, रोज चाल, दर वर्षी रक्त तपास, म्हणजे टळू शकतो, निदान लांबतो तरी. तुझ्या लेकीलाही आत्तापासून पळायला-खेळायला लाव, म्हणाल्या. मला वेळेवर हे कुणी सांगितलं नव्हतं रे.

आणि तू काय करतोयस? दुसऱ्या शहरातल्या दवाखान्यात जाऊ, बाबांना साखर नव्हतीच, ते अपघातात गेले म्हणून सांगू, तोवर मी साखर खाली आणतो, म्हणे! काल तुझी बायको फोनवर हमसून हमसून रडली. तू जेवण सोडलंयस. भिंत रंगवताना परांचीवर तुला चक्कर आली, जोडीदाराने कॉलर धरली म्हणून वाचलास. तिने मला विचारलं, ताई, मी कुणाला वाचवू?

मला मरायचं नाहीये, बारक्या. रोज सकाळी उठले की वाटतं, तुला हो म्हणावं, नेशील तिथे यावं, डॉक्टर विचारतील तेव्हा मान खाली घालून बसावं. एखाद्या दिवशी मी खरंच हो म्हणेन, या भीतीने आज दवाखान्यात तुझा सगळा बेत सांगून टाकला. भावाची किडनी घेणार नाही, असं सही करून आले. परक्या दात्यासाठी नाव लावलंय. नंबर कधी लागेल, तोवर मी असेन का, कुणालाच ठाऊक नाही. सही करून बाहेर आले आणि जिन्यातच बसून रडले. परत आत जाऊन ती खोडावी असं फार वाटलं. खोडली नाही. तुला हे दुसऱ्या कुणाकडून कळू नये, म्हणून लिहितेय. माझ्याशी बोलू नकोस, हवं तर पुन्हा तोंड पाहू नकोस, पण आज घरी जा आणि जेव.

तुझीच,
ताई