हमिंग कोणी घालवली

११ जानेवारी १९८३

लहानूने बेस गिटार आणली. कलकत्त्याची, सेकंडहँड, नागपूरच्या एका बंद पडलेल्या ऑर्केस्ट्राची. लाकूड छान, मान सरळ — आणि पिकअप मेलेला. तार छेडली तर नुसती लाकडाची टकटक.

लहानू तहसीलमध्ये कारकून. भावाच्या, रामाजीच्या भीमगीत पार्टीत वाजवतो. आतापर्यंत त्यांचं पेटी, बेंजो, ढोलक यावर भागलं. यंदा जयंतीला वर्ध्याचा मोठा स्टेज मिळालाय, म्हणून बेस पाहिजे. रामाजी म्हणाला, "नागपूरले नेतो दुरुस्तीले." मी म्हटलं, "सेलूत मी बसलो असून नागपूर काऊन?"

बोलून गेलो. पिकअप मी जन्मात उघडून पाहिलेला नाही. पण तेरा वर्षं रेडिओ उघडतोय. घाबरायचं काय त्यात?

१२ जानेवारी

उघडला. आत एक कॉइल आणि चुंबक, बस! वरची लोखंडी तार हलते, खाली कॉइलमध्ये करंट तयार होतो. कॉइल आतून कुठेतरी तुटलीय. केसाहून बारीक तार.

ते काम माझ्या बायकोचं, पंचफुलाचं. तिचे वडील पुलगावला मोटरी भरायचे, म्हणजे जळालेल्या कॉइली नव्या तारेने गुंडाळायचे; तिथे लहानपणापासून तिचा हात बसलेला. दुकानात अर्धी बाजू माझी — रेडिओ, टेपरेकॉर्डर. मागची अर्धी तिची, विहिरीवरच्या पंपांच्या मोटरी. गिऱ्हाइकाशी बोलायचं ते मीच बोलतो. बायकोने मोटर भरली म्हटलं की लोक उगाच दोनदा तपासतात.

१९ जानेवारी

पहिला पिकअप तयार. चारी तारांखाली एकच लांब कॉइल, फुटक्या स्पीकरचं चुंबक. पंचफुलाने आठ हजार वेढे दिले. तार एकदाही तुटली नाही. माझ्याकडून तीनदा तुटली असती, पण हे तिला सांगितलं नाही.

आवाज आला! जाड, गोल. लहानूने खालची तार छेडली तर टेबलावरचे स्क्रू हलले.

एकच खोट. ट्यूबलाइट लावली की हमिंग सुरू. पीठगिरणीसारखी घुंऽऽ. रामाजी म्हणे, "गाणं म्हणू का दळण दळू?"

२५ जानेवारी

खोट प्रीअँपची आहे, माझी खात्री. पिकअपचा आवाज नाजूक असतो. तो लाउडस्पीकरच्या अँप्लिफायरला थेट दिला तर दबतो. मध्ये त्याला उचलून धरणारं एक छोटं सर्किट लागतं, तो प्रीअँप. पंचफुलाला समजावून सांगितलं. ती म्हणाली, "पण नुसता अँप्लिफायर लावला तं तो गुपचूप बसते नं? हमिंग पिकअपमधूनच येऊन राह्यली." मी म्हटलं, हे इलेक्ट्रॉनिक्स आहे.

जुन्या टेपरेकॉर्डरमधला प्रीअँप काढून जोडला. आवाज मोठा झाला, हमिंगही मोठी झाली. जोरात छेडलं की आवाज फाटतो. बाद.

३ फेब्रुवारी

वर्ध्याहून एफईटी आणला. साध्या ट्रान्झिस्टरपेक्षा महाग, पण पिकअपवर वजन टाकत नाही. काय फरक! प्रत्येक सूर सुटा, तारेवर बोट घासलं तेसुद्धा ऐकू येतं. लहानू अर्धा तास गप्प वाजवत बसला. तहसीलमधला माणूस अर्धा तास गप्प — एवढ्यावरून ओळखावं.

हमिंग आहेच. बॅटरीवर चालवूनही आहे.

१० फेब्रुवारी

आज घरात थोडी वादावादी.

मोठ्या कंपनीच्या गिटारींना दोन पिकअप असतात, एक मानेजवळ आणि एक खाली, तारा टेकतात त्या घोडीजवळ. मानेजवळचा गुबगुबीत, घोडीजवळचा करकरीत, दोन्ही मिळून भरगच्च. मी तसेच दोन करायला सांगितले. जोडणी पंचफुलाने केली. वाजवलं तर बेसमधला बेसच गायब! पत्र्याच्या डब्यावर रबर ताणून वाजवल्यासारखं.

पाहतो तर तिने मोटरीसारखं जोडलेलं — पहिलीचा शेवट दुसरीच्या शेवटाला. मोटरीत शेजारची कॉइल उलटी ठेवतात म्हणे. मी म्हटलं, "ही मोटर नाही." ती म्हणाली, "हमिंग गेली होती, तुमी ऐकलं काय?" मी काही ऐकलं नव्हतं. आवाजच गेला तर हमिंग राहणार कुठून? सोडवलं, सरळ जोडलं. आवाज भरगच्च, हमिंग दुप्पट.

 

१८ फेब्रुवारी

पंचफुला म्हणते, "दोन कॉइला दोन-दोन तारेखालीच ठेवा नं. मंग एकमेकीचा आवाज कशा खातीन?" मी म्हटलं, बघू.

२१ फेब्रुवारी

लांब चुंबक हातातून पडलं, बरोबर दोन तुकडे झाले. मग म्हटलं, चला, तुकड्यांचंच करू. अर्धा पिकअप दोन जाड तारांखाली, अर्धा दोन बारीक तारांखाली, थोडा पुढेमागे. आकृती काढून दिली. जोडणी सरळ करायची, असं लाल पेन्सिलने लिहिलं.

आणि खरं काम मी केलं. एफईटीचा प्रीअँप दूध पावडरच्या डब्यात बंद केला, डब्याला अर्थिंग दिलं. बाहेरचं काही आत शिरणारच नाही!

२ मार्च

गेली! हमिंग गेली!

ट्यूब लावली, पंखा लावला, शेजारच्या वेल्डिंगवाल्याला म्हटलं कर सुरू. काही नाही. तार छेडली की गिटार बोलते, हात ठेवला की चूप. मी डबा डोक्यावर घेऊन दुकानभर फिरलो. पंचफुला हसत होती. प्रीअँपला माझंच नाव दिलं, भैयाजी स्पेशल.

सेलूसारख्या गावात हे झालं. लोकांना कलकत्ता-मुंबईचं कौतुक.

१५ एप्रिल

काल वर्धा. जयंतीचा स्टेज, चारी बाजूंनी ट्यूबलाइटी, मागे जनरेटर.  रामाजीने पहिली ओळ घेतली, लहानूने खालचा सूर धरला, आणि समोर बसलेली माणसं ताठ झाली. म्हाताऱ्या बायका एकमेकींकडे पाहायला लागल्या की हे काय छातीत वाजतंय.

आमच्यानंतर नागपूरच्या प्रभाकररावांच्या ऑर्केस्ट्राचा नंबर होता. त्यांच्या परदेशी बेसमधून हमिंग येत होती! कार्यक्रम संपल्यावर प्रभाकरराव स्वतः आले, गिटार उलटीपालटी करून पाहिली. "कोणी बनवलं भाऊ हे?"

"मी," म्हटलं.

तीन पिकअप-प्रीअँपची ऑर्डर, ९ मेपर्यंत. जमले तर त्यांच्या वाद्यदुरुस्तीच्या वर्कशॉपमध्ये कायमचं काम, महिन्याच्या पगारावर. माझा हात हातात घेऊन बोलत होते. पंचफुला बाजूलाच उभी होती, मुलाला कडेवर घेऊन. घरी येताना एसटीत तिला विचारलं, खूश ना? "हाव," म्हणाली आणि खिडकीबाहेर पाहत राहिली.

मला झोप नाही. नागपूरचं वर्कशॉप!

२० एप्रिल

पंचफुला पुलगावला गेली, बहिणीच्या, कांताच्या बाळंतपणाला. मुलगाही तिच्याबरोबर. म्हणाली, "येऊन भरून देईन, घाई करू नोका." मी म्हटलं, मी आहे ना.

२९ एप्रिल

नऊ दिवसांत तीन पिकअप भरले. तार एकूण सतरा वेळा तुटली. तीन प्रीअँप, तीन डबे. जोडून लावले.

तिन्हीत हमिंग.

३० एप्रिल

डबे बदलले. डब्यांना दोनदा अर्थिंग दिलं. एफईटी बदलले. हमिंग.

२ मे

लहानूची गिटार मागून आणली. तिचा प्रीअँप माझ्या नव्या पिकअपला लावला. हमिंग. नवा प्रीअँप तिच्या पिकअपला लावला. चूप.

पुन्हा केलं. पुन्हा तेच. टेपरेकॉर्डरचा तो फाटका प्रीअँपसुद्धा लावून पाहिला. त्यावरही लहानूचा पिकअप चूप.

म्हणजे भैयाजी स्पेशल काहीच करत नाही. हमिंग तो घालवत नाही. कधीच घालवली नव्हती.

लहानूच्या पिकअपचं झाकण काढलं. वार्निशखाली पंचफुलाचा सांधा — शेवटाला शेवट जोडलेला. मोटरीसारखा. माझी लाल पेन्सिल तिने मानलीच नव्हती.

आधी राग आला. तो फार वेळ टिकला नाही. मग लाज वाटली, ती अजून आहे.

५ मे

पंचफुला आली. कांताला मुलगी. मी चहाआधीच विचारलं, सांगितलं का नाहीस?

"फेब्रुवारीत सांगतलं होतं. तुमी म्हटलं, ही मोटर नाई. मंग मी जोडूनच पाह्यलं. वाजलं नसतं तं उकललं असतं."

"आणि वाजल्यावर?"

"सांगणार होती. तं तुमी डबा डोक्यावर घेऊन नाचून राह्यले होते. एवढे खूश तुमी लग्नातबी नव्हते." मग म्हणाली, "वर्ध्याले त्या नागपूरवाल्याले 'मी' म्हटलं, तवा मात्र वाईट वाटलं."

तिने समजावलं. दोन्ही कॉइला हमिंग सारखीच पकडतात. एक उलटी जोडली की दोघींची हमिंग एकमेकीत मरते. पण गिटारीची प्रत्येक तार एकाच कॉइलीवरून जाते, म्हणून तिचं गाणं शाबूत. दोन लांब पिकअप होते तेव्हा तार दोघींवरून जात होती, म्हणून तेव्हा गाणंही मेलं. दोन मिनिटांत सांगितलं, मेथी निवडता निवडता. तेरा वर्षं रेडिओ उघडणारा मी ऐकत बसलो.

७ मे

तिन्ही पिकअपचे सांधे तिने बदलले. तिन्ही चूप.

आता नागपूरला एकटा गेलो आणि तोंड बंद ठेवलं तर कोणाला कळणार नाही. पगार माझा, नाव माझं. पंचफुला एक शब्द बोलणार नाही, हे मला पक्कं ठाऊक आहे. तेच टोचतंय. दिवसभर कामात लक्ष नव्हतं. एका रेडिओचा काटा उलटा बसवला.

९ मे

दोघे गेलो. ती नको म्हणत होती, मी ऐकलं नाही. मुलाला रामाजीकडे ठेवलं.

प्रभाकररावांनी तिन्ही लावून पाहिले, वर्कशॉपमधले सगळे दिवे लावले. "क्या बात है भाऊ, काय हात आहे तुमचा."

मी म्हटलं, "हात हिचा आहे. कल्पनाही हिचीच. वर्ध्याला मी खोटं बोललो." बोलताना कान गरम झाले. मग राहवलं नाही, म्हटलं, "प्रीअँप मात्र माझा."

ते हसले. त्यांना वाटलं, मी बायकोचा मान ठेवतोय. कपाटातून त्यांच्या परदेशी बेसचा मेलेला पिकअप काढून टेबलावर ठेवला. "करा वहिनी."

पंचफुलाने पदर खोचला, तार गुंडाळायचं मशीन कोणतं ते विचारलं, तार तुटू नये म्हणून त्याचा ब्रेक सैल करून घेतला. तासाभरात एका लांब कॉइलीच्या जागी दोन छोट्या भरून, उलटा सांधा मारून समोर ठेवला. वाजवणाऱ्याने तो बेसवर बसवून तार छेडली, हमिंग नाही; आणि हसणारे प्रभाकरराव खुर्ची ओढून तिच्यासमोर बसले. त्यानंतर माझ्याशी कोणी बोललं नाही. मी कोपऱ्यात चहा पीत होतो. खरं लिहितो, १४ एप्रिलला छाती फुगली होती ती काहीच नव्हे. ती माझी बायको आहे, हे येणाऱ्याजाणाऱ्याला सांगावंसं वाटत होतं. एकाला सांगितलंही.

प्रभाकररावांनी तिलाच पगाराच्या कामाचं विचारलं, तर ती म्हणाली, "घरी पाहून सांगीन." माझ्याकडे पाहिलं नाही.

१० मे

तिने विचारलं, "पोराचं कसं? पंपाच्या मोटरीचं कसं?" मी म्हटलं, पोराचं मी करतो. मोटरींचं माहीत नाही.

१ जून

पंचफुला सकाळच्या एसटीने कामावर गेली. हिंगणीहून एक जण जळालेली मोटर घेऊन आला. म्हटलं, ठेवून जा. मिस्त्री नागपूरला गेल्या आहेत, संध्याकाळच्या गाडीने येतील.