बर्फातली साइडकार

मी, सुप्रभा अवधूत टिळेकर, वय एकोणसत्तर, निवृत्त लायब्ररियन, राहणार मिल्टन कीन्स, हे मृत्युपत्र कोणाच्याही दडपणाशिवाय स्वतःच्या हाताने लिहीत आहे. बुद्धी शाबूत आहे. शरीराबद्दल तसे म्हणता येत नाही. कॅन्सर यकृतापर्यंत गेल्यामुळे डॉक्टरांनी उपचार थांबवले आहेत. यापूर्वीचे माझे कोणतेही मृत्युपत्र सापडल्यास ते रद्द समजावे.

राहते घर आणि बँकेतली शिल्लक माझी एकुलती मुलगी मंजिरी, राहणार केंब्रिज, हिला मिळावी. अट कोणतीही नाही. ती माझ्याशी बोलत नाही, याचा या कलमाशी संबंध जोडू नये.

मोटरहोम, म्हणजे आमचे चाकांवरचे घर, विकून येईल ते शेवटच्या आजारातल्या रुग्णांना सांभाळणाऱ्या इथल्या हॉस्पिसला द्यावे. माझे पती कै. अवधूत यांनी ते निवृत्तीनंतर हौसेने घेतले. मागे ट्रेलरवर त्यांनी स्वतः दुरुस्त केलेली, बाजूला एका माणसाची बैठक जोडलेली साइडकारची मोटरसायकल असायची. त्यांचे गुडघे गेले, तेव्हा मोटरसायकल चालवायला मी शिकले आणि ते साइडकारमध्ये बसू लागले. महाराष्ट्र मंडळातल्या लोकांना याचे फार हसू येई. आम्हालाही येई.

दोन हजार तेवीसच्या फेब्रुवारीत आम्ही स्कॉटलंडमध्ये, टॉमिन्टूलजवळच्या एका कॅम्पसाइटवर होतो. अवधूतना भरपूर बर्फ पाहायचा होता. तो इतका पडला की रस्ता बंद झाला आणि मोटरहोम जागचे हलेना. सकाळी त्यांच्या छातीत दुखू लागले. अँब्युलन्सला फोन केला. गाडी पोचू शकत नाही, हेलिकॉप्टर उडू शकत नाही, त्यांना उबेत ठेवा आणि थांबा, असे सांगण्यात आले. मी थांबले. दुपारपर्यंत त्यांचे ओठ निळे पडले. तेव्हा ते म्हणाले, "सुप्रभा, मला इथे पडून राहायचं नाही. चल, मला साइडकारमध्ये बसव."

माझ्या खांद्याचा आधार घेऊन ते कसेबसे बसले. मी त्यांना दुलईत गुंडाळले, पोटाशी गरम पाण्याची पिशवी दिली आणि गावाच्या दिशेने निघाले. चाक रुतले की उतरायचे, कढईने बर्फ उपसायचा आणि पुन्हा निघायचे. वाटभर मी त्यांच्याशी बोलत होते. आधी ते हुंकार देत होते. मग वाऱ्यात काही ऐकू येईना, तरी मी बोलत राहिले. अखेर समोरून बर्फ हटवणारी गाडी आली. चालक खाली उतरला, त्याने साइडकारमध्ये वाकून पाहिले आणि माझे हात हँडलवरून सोडवले. किती वेळ मी एकटीच बोलत होते, ते मला आजही माहीत नाही.

त्या चालकाचे नाव कॅलम. त्याने काहीही न विचारता स्वतःचा कोट मला घातला. अवधूतांची गॅरेजमधली सर्व हत्यारे त्याला पोचवावीत; पत्ता सॉलिसिटरकडे आहे.

माझे दीर नंदू यांना काहीही देऊ नये. वहिनीने हट्टाने बाहेर काढले नसते तर दादा वाचला असता, असे त्यांनी अंत्यविधीला जमलेल्या सर्वांना सांगितले. अवधूत कुठेही असते तरी वाचले नसते, हे हॉस्पिटलच्या डॉक्टरांचे म्हणणे मी नंदूंच्या कानावर घातले. त्यांनी ऐकले नाही. मंजिरीने त्यांचे ऐकले. "आई, तू थांबायला हवं होतंस," एवढेच म्हणाली आणि गाडीत जाऊन बसली.

मोटरसायकल साइडकारसकट भंगारात द्यावी. हौशी लोक अधूनमधून विचारतात. त्यांना देऊ नये. त्या सीटवर दुसरे कोणी हसत बसलेले मला नको आहे.

कॅन्सर कळल्यावर मी मंजिरीला फोन केला होता. ती म्हणाली, "आई, मी मीटिंगमध्ये आहे, नंतर बोलू." तिचा फोन आला नाही. मीही पुन्हा केला नाही. म्हणून माझ्या सॉलिसिटरना शेवटची सूचना: माझ्या मृत्यूची बातमी मंजिरीला अंत्यविधी उरकल्यावरच द्यावी. म्हणजे ती आली नाही, असे कोणाला म्हणता येणार नाही.

खालील दोघांच्या समक्ष मी सही केली. दोघांनाही यातून काही मिळत नाही.

सही: सुप्रभा अवधूत टिळेकर

साक्षीदार: १. आशा कर्णिक, शेजारी
२. अनुप साठ्ये, शेजारी

मिल्टन कीन्स, १४ नोव्हेंबर २०२५