पेढा भरवून मिटवलेली तक्रार

डोंबिवली
१२ ऑगस्ट १९८९

दादा,

सप्रेम जयभीम. आम्ही इकडे बरे. आईचा गुडघा पुन्हा धरलाय, तरी विहारात जायचं सोडत नाही. तुझ्या पोरीला गणितात चांगले मार्क पडले, वहिनीने कळवलं. शाबास म्हणावं तिला.

आता तुझ्या पत्राचं. नवऱ्याचा मार खाऊन पोलिसांत गेलेल्या बायकांशी पोलीस कसे वागतात, यावरचा माझा अहवाल तू वाचलास, हेच पुष्कळ. पण त्यातली एक बाई गाळ म्हणतोस. का, तर लोक ठाणं ओळखतील, आणि तू तिथला हवालदार. वर ‘झाकली मूठ सव्वा लाखाची’ असंही लिहिलंस. अरे, ती मूठ कुणाच्या पाठीत बसत होती ते तरी लिहायचंस.

बायका वेगवेगळ्या ठाण्यांत गेलेल्या, तरी रीत एकच. नवऱ्याला बोलवायचं, दोन शिव्या हासडायच्या आणि त्यालाच पेढे आणायला पाठवायचं. त्याने बायकोला पेढा भरवला की तक्रार मिटली. मग सगळ्यांना चहा. बायकोच्या छळाविरुद्ध कायदा येऊन सहा वर्षं होत आली, आणि तुम्ही अजून पेढेच वाटताय.

आमचे सर म्हणतात, संशोधन करणाऱ्याने स्वतःला बाजूला ठेवावं. ठेवलं होतं. म्हणून तर त्या बाईचं नाव दिलं नाही, ‘एक शिक्षिका’ एवढंच लिहिलं. तू मात्र लगेच ओळखलंस.

ओळखणारच. माझा ओठ फाटलेला, पेढा चावता येईना, आणि तू टेबलापलीकडून म्हणालास, “गिळ रंभे, घरची अब्रू आहे.” मग रिक्षात घालून मला त्याच्याच दारात सोडलंस. पुढे तिथून निघाले ती माझी मी. तू भाऊ म्हणून सोडलंस की हवालदार म्हणून, मला अजून कळलेलं नाही. राग दोघांचाही आहे.

पान गाळणार नाही. उलट आता नाव घालतेय, माझं. मीच बाजूला झाले तर हे सांगणार कोण? रविवारी कल्याणला बायकांच्या सभेत ते पान मी स्वतः वाचणार आहे. वहिनी पोरीला घेऊन येतेय, तिनेच विचारलं, येऊ का म्हणून. तूही ये. वर्दीत ये, आणि त्या दिवशी माझी तक्रार का लिहून घेतली नाहीस ते उभा राहून सांग. नाही आलास तरी मी वाचणार.

तुझी धाकटी बहीण,
आणि तुझ्या ठाण्याची अजूनही तक्रारदार,
रंभा