तिसऱ्यांदा विचारेपर्यंत

२ नोव्हेंबर

‘वय एकवीस ते अठ्ठावीस. दिसायला नीटनेटकी. हसतमुख.’ — बाजारात घोडी घ्यायला निघालात की कारकून नेमायला? दातही तपासणार असाल!

पेपर मिटला आणि कांदे चिरायला घेतले. इतके बारीक आयुष्यात कधी चिरले नव्हते.

अकराला माजेदचा फोन, कैरोहून. हल्ली भरदिवसा करतो. पूर्वी साहेबांना रात्रीच्या जेवणानंतरच आईची आठवण व्हायची. तेच तुणतुणं — ‘ममा, अलेक्झांड्रियात एकटी काय करतेस? ते घर सोड, इकडे ये. मुलांना तू सांभाळशील, मारियानला पूर्ण वेळ काम करता येईल.’ मी म्हटलं, मीच काम करणार आहे. ‘काम? आता? बासष्टाव्या वर्षी?’ आणि हसला! पोटचा पोरगा हसला!

मग माझीही जीभ सुटली. आपल्या कॉप्टिक नाताळपर्यंत, म्हणजे सात जानेवारीपर्यंत, नोकरी मिळाली नाही तर घरमालकाच्या हातात किल्ल्या देऊन येईन, म्हटलं.

‘वचन?’

‘वचन.’

घरमालक टपलेलाच आहे. मी एकदा बाहेर पडले की हा उंबरठा परत माझा नाही. चाळीस वर्षं ज्या खिडकीतून समुद्र पाहिला ती खिडकी, आणि त्यांच्याकडे मिळणार काय, तर इस्त्रीची खोली. तरी बोलले. पण जीभ माझी, तसं वचनही माझंच. नोकरी मिळवायची!

५ नोव्हेंबर

खरं सांगायचं तर नोकरी शोधायची कशी हे मला माहीत नाही. कधी शोधलीच नाही. पदवी घेतली, सरकारचं पत्र आलं, बंदरावरच्या विमा कचेरीत हजर झाले. फ्रेंच पत्रव्यवहार विभाग. साठ वर्षं पुरी होईपर्यंत तीच खुर्ची — गादी तेवढी दोनदा बदलली. निरोपाला केक दिला आणि एक घड्याळ. ज्या माणसाला वेळेचं काही करायचं उरलं नाही त्याला घड्याळच का देतात?

इन्साफ आली होती. नन्सच्या शाळेत पहिलीपासून माझ्याच बाकावर बसलेली, म्हणून मला दरडावण्याचा हक्क तिला आहे. तिच्या कॉम्प्युटरवर माझा अर्ज बनवला.

‘छंद?’

‘लोकांच्या चुका काढणं.’

‘वियोलेत!’

‘लिही, वाचन. तेच ते.’

वर म्हणते केस रंगव. नाही रंगवणार. पहिल्याच दिवशी खोटं बोलून आत शिरल्यासारखं होईल.

१३ नोव्हेंबर

एका खाजगी शाळेत मुलाखत. फ्रेंचची बाई हवी होती. मालकाने कॉफी मागवली, खुर्ची स्वतः पुढे ओढली. ‘मादाम, तुम्ही आलात आणि शाळेत उजेड पडला! शाळा तुमचीच समजा! इन्शाअल्ला, आम्ही कळवतो.’

उजेड पडला म्हणजे काय ते या गावात लहान पोरालाही कळतं. दिवा मालवा आणि घरी जा.

१४ नोव्हेंबर

कळवलं नाही.

१८ नोव्हेंबर

शाळा अजून माझीच आहे. फोन नाही.

२१ नोव्हेंबर

जहाज कंपनीच्या दलालाकडे गेले. दाराशी बसलेल्या पोरीने वरही न बघता विचारलं, ‘हाज्जा, मुलीचा अर्ज आणलात? ठेवा इथे.’

‘मला मुलगी नाही. अर्ज माझा आहे. आणि हाज्जा नाही मी, ख्रिश्चन आहे.’

‘सॉरी हं, तांत.’

‘तुझी मावशीही नाही!’

आतला साहेब भलताच गोड. मी उठले तर तो उठला, दारापर्यंत आला, छातीवर हात ठेवला. ‘हे ऑफिस तुमचंच!’ एव्हाना निम्मं अलेक्झांड्रिया माझ्या मालकीचं झालं आहे. पगार तेवढा कोणी देत नाही.

२५ नोव्हेंबर

आजपासून नाताळचा उपास, मांस-दूध बंद. मसुराचं सूप. बाहेर वादळ, बाल्कनीची झडप रात्रभर आपटली. ती मी स्वतः दोरीने बांधली.

माजेद: ‘ममा, सामान बांधायला कधी येऊ?’ सामान कसलं! जीभ चावली आणि मुलांची चौकशी केली. मुलांची शाळेची बस बंद केली म्हणे — ‘चालणं चांगलं असतं.’ याला चालण्याचं प्रेम कधीपासून?

२ डिसेंबर

आजचं नीट लिहिते.

इन्साफने कुठून तरी शोधलेलं ऑफिस. फ्रान्समध्ये कोणाचं कपडे धुण्याचं यंत्र बिघडलं की तो तिथे फोन करतो आणि तो फोन इथे स्मूहा भागात एका चौथ्या मजल्यावर वाजतो! फ्रेंच बोलणारी माणसं हवीत. वयाची अट छापलेली नव्हती. कोणी एवढा म्हातारा येईल असं वाटलंच नसावं.

बाहेर बसलेली पोरं चिवचिवत होती. एकाने जागा दिली — ‘बसा ना, कोणाची आई तुम्ही?’ मी म्हटलं, ‘तुझी असते तर आधी शर्ट आत खोचायला लावला असता.’ सगळे हसले. त्याने खोचलाही.

मग परीक्षा. कानाला लावायचं ते यंत्र केसांत अडकलं. पलीकडून एक बाई फ्रेंचमध्ये किंचाळत होत्या: पाणी घरभर, तीनदा फोन केला, तुम्ही सगळे गाढव! मी त्यांना संपू दिलं. मग आमच्या शाळेतल्या नन, मेर आन्सेल्म, वर्गात शिरताना ज्या आवाजात बोलायच्या त्या आवाजात म्हटलं, ‘मादाम, आधी नळ बंद करा. मग आपण दोघी मिळून रागावू.’ बाई चक्क हसल्या. त्या बाई म्हणजे शेजारच्या खोलीतलं त्यांचंच माणूस होतं, हे मागाहून कळलं.

मॅनेजर नदीम. तिशीतला, दाढी कोरलेली, अरबी बोलताना मध्येच शब्द शोधतो. धावत बाहेर आला. ‘मादाम वियोलेत, रविवारपासून या! आम्हाला तुम्हीच हव्यात.’

पण गेला महिनाभर हेच ऐकते आहे. शाळा तुमची, ऑफिस तुमचं! नावेतून जाणारा काठावरच्याला ‘या जेवायला’ म्हणतो, तसलं. अशा शब्दांवर भुकेल्या मांजरासारखी झडप घालू? मी म्हटलं, ‘छे छे, कशाला, तुम्हाला उगाच त्रास.’

‘त्रास कसला? खरंच या.’

‘मर्सी. तुमचा चांगुलपणा. पण तरुण पोरं बसली आहेत बाहेर, त्यांना द्या.’

आमच्या घरी पाहुण्याला तीनदा विचारायचे. पहिले दोन नकार म्हणजे नुसतं अंगण, घर तिसऱ्याला सुरू होतं. आणि वर मेर आन्सेल्म: चांगल्या घरची मुलगी दुसऱ्यांदा वाढलेलं ताटात घेत नाही. त्याला खरंच हवी असेन तर तिसऱ्यांदा विचारील. त्याचा चेहरा जरा पडला. ‘नक्की ना, मादाम?’ म्हणाला. मी म्हटलं, देव तुमचं भलं करो. त्याने लिफ्टपर्यंत सोडलं.

उद्या फोन येईल. वाटतं आहे खरं!

३ डिसेंबर

फोन नाही.

४ डिसेंबर

नाही. लाइन चालू आहे, दोनदा उचलून पाहिली. तेवढ्यात वाजला, धावले, तर माजेद. ‘ममा, धाप का लागली आहे?’

७ डिसेंबर

आज रविवार. ‘रविवारपासून या’ म्हणाला होता तो रविवार.

८ डिसेंबर

इन्साफ ओरडली! माझ्याच स्वयंपाकघरात, माझ्याच पोळपाटासमोर.

‘त्याने दोनदा विचारलं आणि तू नाही म्हणालीस? नोकरीला? अगं तुला काय बाकलावाचा तुकडा वाढत होता का तो?’

‘तिसऱ्यांदा विचारायला काय झालं होतं त्याला? आईबापांनी काही शिकवलं नाही?’

‘शिकवलं ना, माँट्रियलला शिकवलं! माझी भाची त्याच ऑफिसात आहे, तिने सांगितलं. माँट्रियललाच जन्मला, दीड वर्षापूर्वी इथे आला. तिथे नाही म्हणजे नाही असतं, वेडे! तो बिचारा सगळ्यांना सांगत फिरतोय — एवढी चांगली बाई मिळाली होती, तिला आमचं काम हलकं वाटलं.’

हलकं! मला!

‘नक्की ना, मादाम?’ — अरे देवा, तीच त्याची तिसरी वेळ होती.

इन्साफ गेल्यावर घराच्या किल्ल्या खिळ्यावरून काढून टेबलावर ठेवल्या. खूप वेळ बघत बसले. जन्मभर ज्या रीतीला मान दिला तिनेच घराबाहेर काढलं तर तिला तरी काय म्हणायचं! मग किल्ल्या परत खिळ्याला लावल्या. उद्या जायचं.

९ डिसेंबर

गेले. निळा कोट, मोत्यांच्या कुड्या. मायक्रोबसच्या खिडकीतून लाट अंगावर आली ती वेगळीच.

नदीम दारातच भेटला. ‘मादाम! काही विसरलात का?’

‘हो. हो म्हणायला विसरले.’

त्याला कळेना. समजावून सांगितलं: आमच्याकडे तीनदा विचारतात, पहिल्या दोन नकारांना कोणी नकार धरत नाही. तो आधी हसला. मग डोक्यावर हात मारला. ‘म्हणजे आजी मला जेवायला पुन्हा पुन्हा का विचारते ते आत्ता कळलं! मी पहिल्यांदाच हो म्हणतो, तेव्हा ती हसते.’ पुढे म्हणाला, ‘पण मादाम, ती जागा भरली. रविवारी.’

इथे मी एरवी म्हटलं असतं, काही हरकत नाही, तुमचा वेळ घेतला. उठले असते. पाठ ताठ. मेर आन्सेल्मना अभिमान वाटला असता.

मी उठले नाही. म्हटलं, ‘उस्ताज नदीम, मला ही नोकरी हवी आहे.’ असलं वाक्य मी जन्मात उच्चारलं नव्हतं. नवऱ्यालाही कधी ‘मला हवं’ म्हटलं नाही. कान तापले. दुसऱ्यांदा म्हटलं, ‘मला हवी आहे. मला माझ्या घरात राहायचं आहे.’ तिसऱ्यांदा म्हणणार तेवढ्यात तो हात वर करून म्हणाला, ‘बस, बस! मला एकदाच पुरतं.’

चार जानेवारीला नवी तुकडी घेताहेत. माझं नाव घातलं. माझ्यासमोर घातलं, मी बघितलं.

घरी आले आणि उपासाची कोशरी, मसूर-भाताची, चवीने खाल्ली. कुणालाही सांगायचं नाही. सही होईपर्यंत दृष्ट लागते.

२२ डिसेंबर

सही झाली! माझी सही शिपायाला फार आवडली. ‘शाळेत शिकवायचे का हो असं?’ शाळेत मारायचे, म्हटलं.

२९ डिसेंबर

माजेदला सांगितलं. नोकरी मिळाली, किल्ल्या माझ्याकडे राहणार, वचन फिटलं. म्हटलं आता ऐकते गंमत — हसणारा पोरगा काय म्हणतो ते!

हसला नाही. म्हणाला, ‘बरं झालं, ममा. खरंच बरं झालं.’ असा आवाज त्याचा बाप गेला तेव्हा होता.

लहान मुलासारखा रुसला असेल. नाताळला येईल तेव्हा बघू.

४ जानेवारी

पहिला दिवस. फोनवर ल्योंच्या एका गृहस्थाने मला ‘मुली’ म्हटलं. कोणी पाहत नसताना गिरकी घेणारी खुर्ची दोनदा फिरवली. शर्ट खोचणारा पोरगा शेजारीच बसतो. मला ‘मादाम’ म्हणतो. शाबास!

७ जानेवारी. नाताळ

माजेद काल आला. एकटाच, मोठी बॅग घेऊन. आज बदकाचा पहिला तुकडा ताटात पडला आणि त्याला रडू फुटलं. कंपनीने सप्टेंबरमध्येच घरी बसवलं. तेव्हापासून रोज इस्त्रीचा शर्ट घालून निघतो आणि कॅफेत बसून अर्ज भरतो. ‘अडतीस म्हणजे जास्त होतात, ममा.’ मारियानच्या अर्ध्या पगारात ते घर चालत नाही. म्हणून मी हवी होते.

मी म्हटलं, सगळे इथे या. ‘नको ममा, तुला त्रास.’ भात वाढला, पुन्हा म्हटलं. ‘नको, खरंच. आम्ही बघतो काहीतरी.’

माझ्याच हाताखाली वाढलेला आहे.

तिसऱ्यांदा विचारलं. मारियान आणि मुलं शुक्रवारी येताहेत.